तिरोडकर बाईंच्या खुंट्या

तिरोडकर बाई चिखल खायच्या. खोटं नाही सांगत. बोटाच्या टोकावर मावेल एवढाच, पण खायच्या. नाथसागराच्या काठाला जीप आणि मागून पोरांची बस थांबली की बाई आधी चपला काढणार, पदर कमरेला खोचणार, घोटाभर गाळात उतरणार आणि बोट बुडवून जिभेला लावणार. मग डोळे मिटून उभ्या. आम्ही तीसेक माणसं काठावर गप. थोड्या वेळानं निकाल लागायचा. "इथं मीठ चढतंय," नाहीतर "इथं अजून गोड आहे." दुसऱ्या दिवशी तीच माती मी प्रयोगशाळेत तपासायचे आणि बाईंची जीभ बरोबर निघायची. दर वेळी बरोबर निघायची. मला त्याचा फार राग यायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर लोकांनी त्यांना वेडी म्हणून सोडून दिलं असतं. पण स्वतःचं झालं की बाई पोरांकडं वळायच्या. "चाखा." एकेकानं पुढं यायचं, बोट बुडवायचं, चव सांगायची. एका साली गुलमंडीतल्या कापडवाल्याची मुलगी होती वर्गात, घरची नाजूक. तिनं बोट तोंडात घातलं आणि तिथंच ओकली. बाईंनी तिला बाटलीतलं पाणी दिलं, तोंड पुसायला स्वतःचा रुमाल दिला. आम्हाला वाटलं, चला, विरघळल्या. तर म्हणाल्या, "आता तोंड स्वच्छ झालं. आता चव नीट कळेल. चाख." आणि त्या पोरीनं चाखलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती "खारट, बाई" म्हणाली. बाई म्हणाल्या, "मीठ तुझ्या डोळ्यांतलं आहे. चूक." ती मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात दिसली नाही.

मी बाईंच्या हाताखाली वनस्पतिशास्त्राच्या खात्यात डेमॉन्स्ट्रेटर होते. तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि पैठणचं धरण, म्हणजे हा नाथसागर, भरून दहा-बारा वर्षं झाली असतील. कॉलेजातल्या बाकी सगळ्या प्राध्यापिका मॅडम होत्या, या एकट्या बाई. पहिल्याच दिवशी मी मॅडम म्हणाले तर म्हणाल्या, "मी काय साहेबाची बायको आहे? बाई म्हण." अंगानं काटकुळ्या, आवाज कोरडा, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. चहा बिनसाखरेचा आणि बोलणं त्याहून बिनसाखरेचं. कुणी वर्गात "मला वाटतं" असं वाक्य सुरू केलं की त्या हात वर करायच्या. "तुझं वाटणं खिशात ठेव. गाळ काय म्हणतो ते सांग." चुकीच्या आकृतीवर लाल फुली कधी मारत नसत. खाली सुवाच्य अक्षरात लिहायच्या, "कल्पना छान. कविता करा." पोरं फुलीपेक्षा त्याला जास्त भ्यायची.

बाई मूळच्या कोकणातल्या, खाडीकाठच्या. समुद्र सोडून या कोरड्या मुलखात कशाला आल्या, असं सगळेच विचारायचे आणि कुणालाच उत्तर मिळायचं नाही. मला मिळालं, ते एकदाच. पडेगावला त्या एकट्या राहायच्या. दौलताबादच्या रस्त्याला लागून दोन खोल्या, आत एकच खुर्ची. आलेला माणूस उभाच राहायचा, म्हणजे लवकर जायचा. त्या दिवशी मी पेपरांचे गठ्ठे घेऊन गेले होते. का कोण जाणे, बाई बोलल्या.

त्यांच्या घरापुढं खाजण होतं. भरतीला खाडीचं पाणी आत यायचं, ओहोटीला जायचं, मधल्या चिखलात तिवरं, कालवं, चिंबोऱ्या, हजारो पाखरं. वडिलांनी एका साली तिवरं तोडून बांध घातला, भात लावायला. दोन वर्षं भात झाला. तिसऱ्या वर्षी माती आंबली. भात पिवळा पडून उभा मेला, आणि तोवर चिंबोऱ्या गेल्या होत्या, पाखरं गेली होती. "घरात मासे नाहीत नि भातही नाही. बाबा बांधावर बसून रडायचे," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "बिचारे." बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी हातातले गठ्ठे खाली ठेवले. "बिचारे कशाला? त्यांना पोटाची घाई होती. मला दया आली नाही. आजही येत नाही."

हे ऐकलं तेव्हा मला बाईंची कीव आली. नंतर जे झालं ते पाहिल्यावर मी माझी कीव परत घेतली.

बाईंचा संशोधनाचा विद्यार्थी होता भानुदास. नाथसागराच्या काठचाच, बोरदरीचा. हुशार, खालमानेचा, बाईंसमोर बसायचासुद्धा नाही. त्याच्या वडिलांचं, सोपानतात्यांचं रान धरणात गेलं होतं. बदली जमीन मिळाली ती लांब, माळावर, निव्वळ मुरूम. पण धरणाचं पाणी दर हिवाळ्यात उतरतं. उतरलं की खालून गाळ निघतो, लोण्यासारखा, आणि काठची माणसं त्यात गहू-हरभरा पेरतात. त्याला गाळपेरा म्हणतात. न नांगरता, न खत घालता पीक येतं. तात्यांचं नशीब असं की त्यांचं जुनं रानच दर साली वर यायचं. बांधावरच्या निंबाचं खोड अजून उभं होतं, त्यावरून ते ओळखायचे. आठ महिने पाण्याचं, चार महिने तात्यांचं. त्या चार महिन्यांवर घर चालायचं आणि भानुदास शिकत होता.

आता गावात एक रीत होती. सरकारी कागद काय असेल तो असो, पाणी उतरल्यावर गाळात ज्यानं आधी खुंटी ठोकून चिंधी बांधली, त्या साली तेवढी जागा त्याची. भांडण नाही, पंचायत नाही. आणि दुसऱ्याची खुंटी कुणी उपटायची नाही. सख्ख्या भावानं भावाची उपटली तर गावात त्याला कुणी विस्तव देत नसे. तात्यांच्या रानात दुसरं कुणी खुंटी ठोकायला जातच नव्हतं, म्हणून तेही निवांत असायचे. आठ दिवसांनी गेले तरी चालायचं.

बाईंना प्रयोगासाठी एक पट्टा हवा होता. वर कोरडं, मग मीठ फुटलेली जमीन, मग मऊ चिखल, मग पाणी. तीन वर्षं तिथं माणसानं काही करायचं नाही. आपोआप काय उगवतं, किती किडा-गोगलगाय होते, कोणती पाखरं उतरतात, ते मोजायचं. भानुदासनंच कधीतरी कौतुकानं बाईंना आपलं रान दाखवलं होतं. बाईंनी तिथला चिखल चाखला होता आणि काही बोलल्या नव्हत्या. पाणी उतरल्याची बातमी आली त्या दिवशी भानुदास तापानं पडला होता. बाईंनी मला जीपमध्ये घातलं, पांढऱ्या रंगाच्या चाळीस खुंट्या घेतल्या, लांबून दिसाव्यात म्हणून प्रत्येकीला लाल चिंधी बांधली आणि निंबाच्या खोडापासून पाण्यापर्यंत आम्ही त्या ठोकल्या. बाईंनी धरल्या, मी हाणल्या. माझ्या हाताला फोड आले होते.

आमचे जीपवाले युसूफभाई काठावर विडी ओढत बघत होते. ते पैठणचे, त्यांना सगळं ठाऊक. आम्ही शेवटची खुंटी ठोकल्यावर म्हणाले, "बाई, ये क्या किये तुमे? खुंटी बैठ गई तुमची. अब इनो हात नई लगाते." आणि रीत समजावून सांगितली. मला वाटलं बाई आता खुंट्या काढायला लावणार. त्या म्हणाल्या, "हात लावत नाहीत? उत्तम. कुंपणाचा खर्च वाचला."

दोन दिवसांनी सोपानतात्या कॉलेजात आले. धोतर, डोक्याला पटका, पायात चिखल वाळलेला. प्रयोगशाळेत बाई सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या, मी टेबलापाशी, भानुदास कपाटाला चिकटून उभा. तात्या दारातच थांबले. बाईंनी मान वर केली नाही.

"बाई, तुमची खुंटी तुम्हीच काढा," तात्या म्हणाले. "म्या हात लावला तं गाव थुकंल माझ्यावर."

"मी का काढू?"

"तिथं माझं रान हाय."

"रान पाण्यात गेलं. बदली दिली ना सरकारनं?"

"दिली की. मुरूम दिला. कुसळबी उगवत नाय तिथं. या चार म्हयन्याचं घरात येतंय, त्याच्यावर सा माणसं खात्यात."

"ते चार महिने पाखरांचे आहेत. हिमालय ओलांडून येतात ती. तुम्ही कुठून येता?"

"म्या तिथलाच हाय, बाई."

 मग बाईंनी डोळा काचेवरून काढला आणि त्या तात्यांकडं नाही, भानुदासकडं वळल्या. "तू सांग. प्रबंध तुझा आहे. पट्टा हाच लागेल, दुसरीकडं मीठ असं चढत नाही. खुंट्या काढू? काढते. मग तू घरी जा आणि वडिलांबरोबर हरभरा पेर. ठेवू? ठेवते. बोल."

मला अजून तो भानुदासचा चेहरा आठवतो. तात्या पोराकडं बघत होते, आणि खरं सांगते, त्यांच्या तोंडावर राग नव्हता. पोरगा अडचणीत सापडला म्हणून त्यांनाच लाज वाटत होती.

"राहू द्या, बाई," भानुदास म्हणाला.

"ऐकलंत," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं. तीन वर्षांनी खुंट्या मी माझ्या हातानं काढीन. मी शब्द पाळते."

तात्यांनी मान डोलावली. "बरं. तीन साल," म्हणाले आणि गेले. भानुदास त्यांना सोडायला फाटकापर्यंतसुद्धा गेला नाही. बाईंनी त्याला स्लाइड धुवायला बसवलं होतं.

पुढचं ऐकाल तर तुम्हाला वाटेल मी मनचं सांगतेय. पट्ट्यात गुरं शिरायला लागली, राखणदार हवा होता. बाईंनी प्रकल्पातून रोजावर माणूस मंजूर करून घेतला आणि सोपानतात्यांनाच ठेवलं. त्यांच्याच रानात, कुणी पेरू नये म्हणून राखण करायला. मी म्हटलं, "बाई, हे बरं दिसत नाही." म्हणाल्या, "त्या जागेची काळजी त्याच्याइतकी कुणाला आहे? दुसरा माणूस झोपा काढेल." तेही खरंच होतं. तात्यांनी तीन हिवाळे शेळीचं पोर आत येऊ दिलं नाही. एकदा एका म्हशीच्या खुराचा ठसा मऊ चिखलात सापडला. तर बाईंनी सगळ्या पोरांसमोर त्या ठशाशेजारी तात्यांना उभं केलं आणि विचारलं, "डोळे आहेत का बटणं शिवलीत?" तात्या म्हणाले, "चुकलं, बाई." साठीचा माणूस होता तो.

आणि पाखरं आली. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण आली. पहिल्या साली तुरळक, दुसऱ्या साली पट्टकादंब हंसांचे थवेच्या थवे, मग करकोचे, मग पाण्याच्या कडेला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. शेजारच्या पेरलेल्या रानात चिटपाखरू नाही आणि आमच्या पट्ट्यात जत्रा. तात्यांना हळूहळू सगळी ओळखू यायला लागली. नावं त्यांची स्वतःची. डोक्यावर पट्टे असलेलं ते 'जानवेवालं'. कोणतं किती वाजता उतरलं, किती होतं, ते बोटांच्या पेरांवर मोजून सांगायचे आणि बाई ते आकडे वहीत उतरवून घ्यायच्या. मोजणाऱ्याच्या रकान्यात सही बाईंची.

तिसऱ्या हिवाळ्यात ते झालं. आम्ही गेलो तर मिठाच्या वरच्या अंगाला, खुंटी नंबर नऊ आणि दहाच्या मध्ये, हरभऱ्याची रोपं. इवलाली, दोन-दोन पानं. नीट रांगेत. बाईंनी तात्यांना हाक मारली. ते आले, बघितलं, खाली बसले.

"कुणी पेरलं?"

मला वाटलं तात्या दोष पाखरांवर घालतील. युसूफभाईंनी मागून खूणसुद्धा केली, पाखरांवर घाला म्हणून. पण तात्या म्हणाले, "म्याच. मूठभर. दाणं खिशात व्हते, बाई. हाताला ऱ्हावलं नाय."

बाई ओरडल्या नाहीत. बाई कधीच ओरडत नसत. त्यांनी वही भानुदासच्या हातात दिली. "उपट. मोज. लिही." भानुदास वाकला. बापासमोर, बापाच्या रानातली रोपं एकेक करून उपटायला लागला. तात्या मातीत बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. एक्केचाळीस निघाली. भानुदासनं विचारलं, "बाई, कुठल्या रकान्यात लिहू?"

"तण," बाई म्हणाल्या.

त्यानं लिहिलं. मी तिथं उभी होते. मला त्या बाईची शिसारी आली, आणि मी काय केलं? मोजपट्टी गुंडाळली. नोकरी होती ना. माणूस असाच असतो, दुसऱ्याच्या क्रौर्याला नावं ठेवतो आणि त्याची पिशवी उचलून मागं चालतो.

प्रबंध झाला. सुरुवातीला आभार मानताना भानुदासनं 'माझे वडील' असं लिहिलं होतं. बाईंनी ते खोडून 'स्थानिक मजूर' केलं. "प्रबंधात नाती नसतात," म्हणाल्या. शेवटी शिफारशींचं प्रकरण होतं. तो पट्टा पेरणीला, गुरांना, माणसाला कायमचा बंद करावा, ही शिफारस बाईंनी तोंडी सांगितली आणि भानुदासला लिहायला लावली. तो दोन आठवडे लिहीना. नांदेडकडं एका कॉलेजात जागा निघाली होती, पीएच.डी. हातात असेल तरच मिळणार होती. बाईंनी त्याला घाई केली नाही. फक्त त्याच्या प्रबंधाची प्रत टेबलावर ठेवून द्यायच्या आणि तो आला की तिच्यावर चहाचा कप ठेवायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यानं लिहिलं. त्याची सही, बाईंची सही. टाइप मी केलं.

तो नांदेडला गेला आणि त्या साली पाणी उतरलं तेव्हा बोरदरीला आला नाही.

ती शिफारस बाईंनी सरकारकडंही पाठवली होती. वरून आदेश आला. टपाल मीच फोडलं. शिफारस जशीच्या तशी मान्य होती. आठवड्याभरात तार लागणार, चौकीदार बसणार, पट्ट्यात पाऊल टाकलं तरी गुन्हा. बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "युसूफला गाडी काढायला सांग. खुंट्या काढायच्या आहेत."

"बाई, तात्यांना सांगायला पाहिजे."

"मी शब्द खुंट्यांचा दिला होता," बाई म्हणाल्या. "जमिनीचा नाही."

आम्ही पोचलो तर तात्या सकाळपासून बैल घेऊन काठावर. पेरणीची तिफण धुऊनपुसून आणलेली. त्यांच्या घरधनीणबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. बाई गाळात उतरल्या. अठ्ठावन्न वर्षांचं वय, महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. चाळीसच्या चाळीस खुंट्या त्यांनी एकटीनं उपटल्या. कमरेतून वाकून, दोन्ही हातांनी हलवून, एकेक. मी पुढं झाले तर हातानं मागं सारलं. शेवटच्या चार-पाच घट्ट बसलेल्या होत्या. तात्या म्हणाले, "द्या बाई, म्या काढतो." बाई धापा टाकत म्हणाल्या, "तुम्ही नाही. तुमच्या गावात चालत नाही ते."

शेवटची निघाली. तात्यांनी वाकून बाईंच्या पायांना हात लावला. चिखलानं भरलेल्या पायांना. बाईंनी पाय मागं घेतला नाही.

"तुम्ही शबुद पाळला, बाई," तात्या म्हणाले. "तीन साल गाळाला इसावा भेटला. औंदा हरभरा लई पिकंल बघा. पयला हरभरा तुमच्या दारी आणून देतो."

बाई वळल्या. जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी मागं बसले. मलाही तोंड होतं. चार पावलं उतरून जाऊन सांगता आलं असतं, तात्या, बी घालवू नका. ते सांगणं बाईंचं काम होतं, असं मी स्वतःला सांगते.

युसूफभाईंनी गाडी सुरू केली आणि मागचं चाक गाळात फिरायला लागलं. खोल खोल जायला लागलं. तात्यांनी बैल सोडले, धावत आले आणि खांदा लावला. चाकानं उडवलेला सगळा चिखल त्यांच्या तोंडावर, छातीवर. "व्हय, व्हय, आता जोर लावा युसूफभाय," म्हणत त्या माणसानं आमची गाडी बाहेर काढली आणि तोंड पुसत हात हलवला.

गाडी रस्त्याला लागल्यावर बाई समोर बघतच म्हणाल्या, "सांगितलंस त्याला?"

"नाही."

"पेरू दे. बी काही वाया जात नाही. गाळातच जातं."

मी दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली ती बाई निवृत्त होऊन कोकणात जाईपर्यंत. निरोपसमारंभाला गेले नाही. त्यामुळं मला बाई शेवटच्या दिसल्या त्या मागूनच. तो एवढासा अंबाडा आणि मानेवर वाळत चाललेला गाळ. आणि त्या दिवशी जीपमधून मी मागं वळून पाहिलं तेव्हा तात्यांनी तिफण जुंपली होती. त्यांच्या घरधनीणबाई मागून चालत होत्या, मुठीनं चाड्यात दाणे सोडत.